नजर वळवायचा धडा

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बलाच्या फोटोग्राफरांच्या ऑनलाइन ग्रुपात वर्षातून एकदा तरी तोच वाद पेटायचा: रस्त्यावर फोटो काढणाऱ्या नवख्याला मास्तर हवा की नको? एक पार्टी म्हणायची, कॅमेरा उचला आणि वाट फुटेल तिकडे चाला, रस्ताच शिकवतो. दुसरी म्हणायची, मास्तर नसला की माणूस जन्मभर कबुतरं आणि छत्र्या टिपत बसतो. दोन्हीकडे तीच माणसं, तेच टोमणे. वाद घालून कुणाचं मत बदलल्याचं ऐकिवात नव्हतं.

या वेळी मात्र मास्तरवाल्यांच्या हाती हुकमाचं पान होतं. वेस्ना त्रायकोव्स्का. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी, घटस्फोटानंतर रविवार अंगावर यायला लागले म्हणून कॅमेरा घेतलेली. ग्रुपने तिला शिकायला म्हणून गार्थ पोलार्डच्या गळ्यात मारलं होतं. गार्थ हा बंद पडलेल्या एका स्थानिक पेपरचा जुना फोटोग्राफर, बोलायला फटकळ, पण नजर अशी की अख्ख्या किनाऱ्यावर तोड नाही. तिथे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, तरी त्याला सगळे मास्तर म्हणत, थोडं चिडवायला आणि थोडं मनापासून.

वेस्नाचा जो फोटो गाजला त्याचं नाव तिने ठेवलं होतं 'दुपार'. वेंटवर्थ स्ट्रीटवर, बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानापुढे, बाकावर एक म्हातारा मान मागे टाकून बसलाय आणि दोन इमारतींच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी नेमकी त्याच्या चेहऱ्यावर पडलीय. बस्स, एवढंच. पण बघणारा हलत नसे. खाली गार्थने लिहिलं होतं, "आता तुला माझी गरज उरली नाही." तो शेरा वेस्नाने किती वेळा वाचला, देव जाणे. नवऱ्याने दहा वर्षांत तिला एवढं चांगलं काही म्हटलं नव्हतं.

म्हणून वाद पेटल्यावर तिने लांबलचक लिहिलं. मला जे काही येतं ते गार्थने शिकवलं. उन्हाची वाट बघत थांबायला त्याने शिकवलं, माणूस बिथरला तर काय करायचं हे त्याने शिकवलं. मास्तर नको म्हणणाऱ्यांनी आधी माझी 'दुपार' बघावी.

आणि 'दुपार' बघितली, तीही नेमकी जिने बघायला नको होती तिने. त्याच आठवड्यात वेस्नाला निरोप आला.

"बाकावरचे माझे वडील आहेत, डेस क्विर्क. त्याच दुपारी, त्याच बाकावर ते गेले. बसच्या ड्रायव्हरला सापडले तेव्हा गार पडले होते. फार तडफडले असतील, या विचाराने माझा डोळा लागत नव्हता. तुमच्या फोटोत ते किती शांत झोपलेत! अंत्यसंस्काराला वाटायच्या पत्रिकेवर हा फोटो छापला तर चालेल का? आणि एकच सांगा, ते झोपेतच होते ना? तुमची, ब्रोनी."

वेस्नाने त्या दिवशीचे सगळे फोटो उघडले. निवडलेल्या एका फोटोखेरीज बाकीच्यांकडे तिने पुन्हा ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सुरुवातीच्या फोटोंत म्हातारा ताठ बसलेला होता. डोळे उघडे. एक हात छातीवर घट्ट धरलेला आणि दुसरा वर केलेला, सरळ तिच्या दिशेने.

तिला आठवलं. आठवायला नको होतं, पण लख्ख आठवलं. झालं! बघितलं म्हाताऱ्याने, आता बोंबलणार, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. मग तिने गार्थच्या धड्याबरहुकूम केलं. पकडलं गेलो तर कॅमेरा खाली घ्यायचा नाही, पळायचं नाही. माणसाच्या डोक्यावरून पलीकडे बघायचं, जणू आपण मागच्या पाटीचाच फोटो घेतोय. समोरचा समजतो की हे आपल्यासाठी नाही, आणि पुन्हा आपल्यात गुंततो. वेस्ना खाटकाच्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिली. त्याने पुन्हा हात केला. तिने पाटीचे फोटो काढले. थोड्या वेळाने तो हात खाली गेला, मान मागे गेली, आणि धडा लागू पडला म्हणून वेस्ना मनातल्या मनात हरखली. मग समोरच्या कोंबडीवाल्याच्या दुकानाला टेकून ती ऊन सरकून त्याच्या चेहऱ्यावर यायची वाट बघत उभी राहिली.

ती तडक गार्थकडे गेली. तो ओसरीवर पेपर पसरून कोळंबी सोलत बसला होता. तिने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

"पहिला नको," गार्थ म्हणाला. "दुसऱ्यात हाताची बोटं फ्रेमबाहेर गेलीत..." बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. जिभेला लागलेलं वळण होतं ते. त्याने हात पुसले.

"काय सांगू तिला?" वेस्नाने विचारलं.

"झोपले होते म्हण. बाकीचे पुसून टाक. दाखवायचा तो एकच, हे काय आज नव्याने सांगायचं का तुला?"

"कुणासाठी पुसू? तिच्यासाठी की माझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी. आणि हे बघ पोरी, माझं नाव यात घेऊ नकोस. मी नजर वळवायला सांगितलं होतं. मरणाऱ्याकडे पाठ फिरव असं नव्हतं सांगितलं."

"मग मरणारा ओळखायचा कसा, ते कधी शिकवलंस?"

"अगं बाई, ते मला तरी कुठे येतं?" गार्थ ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या डोक्यावरून बघत आलोय मी. त्यातल्या कितीजणांना काय हवं होतं, मला काय माहीत?"

वेस्नाला त्याचा संताप आला आणि कीवही आली. ती लॅपटॉप मिटून उठली. घरी पोचून बघते तर गार्थने ग्रुपवर टाकलेले सगळे धडे नाहीसे झाले होते. 'दुपार'खालचा शेरासुद्धा.

ज्या घरात माणूस गेलंय तिथे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आईने लहानपणापासून मनावर बिंबवलेलं. वेस्नाने चीज भरलेल्या भाजक्या पापुद्र्यांचं बुरेक घेतलं, पण ब्रोनीच्या दारात गाडी थांबवल्यावर ते उचलायची लाज वाटली. ते सीटवरच राहिलं. येताना तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं: "हो" म्हणायचं आणि निघायचं. मेलेल्याचं काही बदलणार नाही, जिवंत माणसाला झोप तरी लागेल.

ब्रोनी पन्नाशीची, रडून रडून डोळे सुजलेली. तिने चहा ठेवला. टेबलावर पत्रिकेचा नमुना होता आणि त्यावर 'दुपार'.

"झोपेतच होते ना?"

वेस्ना "हो" म्हणणार, एवढ्यात ब्रोनीच पुढे बोलली. "तसं नसतं तर ट्रॅविसला मी जन्मात माफ केलं नसतं. आत्ताही करणार नाहीच म्हणा. माझा भाऊ हो. त्या दिवशी बाबांना त्या बाकावरून तो न्यायला जाणार होता आणि पबात बसून राहिला. वेळेवर गेला असता तर वाचले असते. मी सांगून टाकलंय त्याला, बाबांच्या शवपेटीजवळ पाय ठेवायचा नाही. रडत होता फोनवर. रड म्हटलं."

आता "हो" म्हटलं तर सगळा दोष ट्रॅविसच्याच माथी राहणार होता. वेस्नाने कप बाजूला सरकवला, लॅपटॉप उघडला आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. पहिल्यापासून, ओळीने.

ब्रोनी बघत राहिली. पाटीचे फोटो आले तसे तिने मागच्या फोटोंवर जाऊन तो हात पुन्हा पाहिला.

"फोटो काढू नकोस म्हणतायत, असं वाटलं मला," वेस्ना म्हणाली.

"आणि मग तू काय केलंस?"

"दुसरीकडे बघितलं. ते शांत होईपर्यंत."

"हे असलं कुणी शिकवलं तुला?"

गार्थचं नाव ओठांवर आलं होतं. अख्ख्या ग्रुपसमोर तिने ते अभिमानाने लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या बाकासमोर गार्थ उभा नव्हता.

"कुणी नाही," वेस्ना म्हणाली. "माझी मीच शिकले."

"आणि कुणी हात केला की जवळ जाऊन विचारायचं, हे नाही शिकलीस?"

वेस्नाने मान खाली घातली. ब्रोनीने तिला शिव्या घातल्या असत्या, चहाचा कप अंगावर फेकला असता, तरी तिने सोसलं असतं. ब्रोनीने त्यातलं काहीच केलं नाही. तिने पत्रिकेचा नमुना पालथा घातला, फोन उचलला आणि एक नंबर लावला. पलीकडून कुणीतरी बोललं तसं तिला रडू फुटलं.

"ट्रॅविस, घरी ये रे. नाही, तू ये आधी... अरे ऐक, बाबा एकटे नव्हते. समोर एक बाई उभी होती."