ठिकाण सुटलेला दिवा

सोलापूरला मोठी सागरी परंपरा आहे. ती आजवर कुणी लिहून ठेवली नाही, कारण ती सगळीच्या सगळी गुरप्पा हत्तुरे नावाच्या एका माणसात मावत होती, आणि त्या माणसाला पोहता येत नव्हतं.

गुरप्पामामा बावीस वर्षं जहाजावर नोकरीला होते. पेठेत कुणी विचारलं, "मामा, जहाजावरनं कुटंकुटं जाऊन आला?" तर ते खरं सांगत, "कुटंच न्हाय."

त्यांचं जहाज, 'ध्रुव', ही दीपनौका होती. समुद्रात जिथं दीपगृह बांधायला खडक नाही, नुसता वाळूचा दांडा आहे, तिथं नांगर टाकून उभं केलेलं तरंगतं दीपगृह. तिला इंजिन नव्हतं. लाल रंग, कुशीवर मोठ्या अक्षरांत नाव, उंच खांबावर दिवा आणि पोटात नऊ माणसं. महिनाभर पाण्यात, मग पंधरा दिवस किनाऱ्यावर. दिवा लावायचा, भिंगं पुसायची, धुक्यात घंटा बडवायची आणि दुसऱ्यांची जहाजं जाताना बघायची. जागच्या जागी डुलणाऱ्या जहाजावर ओकारी जास्त येते, असं मामांचं मत होतं. त्यांच्या बायकोचं, कमलम्माचं, मत वेगळं होतं.

"एका जागीच बसायचं हुतं तर घरचा कट्टा काय वाईट हुता?"

चौऱ्याहत्तर साली 'ध्रुव' मोडीत काढायचं ठरलं आणि मामा बिथरले. मी कॉलेजात शिकवतो, शिवाय पेठेतल्या वाचनालयाचा चिटणीस. म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाचनालयाचे अध्यक्ष श्रीमंतअण्णा, चादरींचे व्यापारी, यांनी तर अख्खं जहाज आणून तळ्यात ठेवायची तयारी दाखवली आणि लांबी विचारली. ती ऐकल्यावर त्यांनी विषय बदलला.

पंचाहत्तरच्या दिवाळीत आठव्या अर्जाला उत्तर आलं. जहाज मिळणार नाही, दिवा मिळेल. मात्र सहा महिन्यांच्या आत तो विजेवर पेटवून, चालू स्थितीत असल्याचं दीपगृह खात्याच्या अधिकाऱ्याला दाखवावं लागेल. नाहीतर दिवा परत नेऊन वितळवण्यात येईल.

दिवा ट्रकमधून आला. माणसाच्या उंचीचा, पितळी चौकटीचा, जाडजूड भिंगांचा. मामा रोज सकाळी येऊन तो पुसायचे. त्यांनी कमलम्माचं मऊ झालेलं एक लुगडं त्यात संपवलं. शहात्तरच्या एप्रिलात समारंभ ठरला. बटण अर्थातच मामांनी दाबायचं.

समारंभाच्या तीन दिवस आधी मामा म्हणाले, "सर, दिवा लावता येनार न्हाय."

"का? बिघडला?"

"ठिकाण सुटलंय त्येचं. ठिकाण सुटलं की दिवा बंद करायचा आन् दोन लाल दिवे टांगायचे. कायदाच हाय तसा. न्हायतर लांबचा मानूस त्या दिव्यावर इसंबून भलतीकडं जातोय."

"मामा, जवळचा समुद्र तीनशे किलोमीटरवर आहे. इथं कोण येऊन आपटणार?"

"तांडेल बी ह्येच म्हनला हुता," मामा म्हणाले. "अशा पावसात कोन येतंय, म्हनला."

मग भिंग पुसतापुसताच त्यांनी सांगितलं. चोपन्नचा पावसाळा. वादळात नांगर घसरला आणि 'ध्रुव' दोन मैल वाहत गेली. दिवा बंद केला तर वरती कळवावं लागणार, चौकशी लागणार. तांडेलानं, म्हणजे जहाजावरच्या प्रमुखानं, दिवा चालू ठेवायला सांगितला. मामांनी ठेवला. कौलं भरलेलं एक गलबत त्या दिव्याच्या भरवशावर वळलं आणि वाळूच्या दांड्यावर फुटलं. सात माणसांतली दोन वाचली.

"नोंदवहीत मीच लिवलं, दिवा रातभर नीट. खोटं न्हवतं, सर. दिवा नीटच हुता. जागा नीट न्हवती."

"कुणाला कळलं नाही?"

"तांडेल मेला. आता मला ठावं आन् ह्या दिव्याला. त्यो वितळला तर मी एकटाच की."

म्हणजे दिवा वाचवायचा तर पेटवावा लागणार, आणि मामा पेटवणार नव्हते. मी ही अडचण श्रीमंतअण्णांना सांगितली. ते म्हणाले, "हार बघितला की पेटवतील."

समारंभाच्या दिवशी चार वाजता वायरमननं हजार वॉटचा बल्ब बसवला, लावून दाखवला आणि तो लग्नाच्या दुसऱ्या मांडवावर निघून गेला. लाऊडस्पीकर बॅटरीवरचा होता. मामा साडेपाचला आले. त्यांनी घरून दोन लाल कंदील आणले होते. ते त्यांनी वाचनालयाच्या दारावर एकाखाली एक टांगले आणि पेटवले. रस्ता खणलाय असं समजून दोन टांगे मागं वळले.

सहाला श्रीमंतअण्णांचं भाषण झालं. अजून ऊन असतानाच दिव्याला हार घातला गेला. मग मामांच्या हातात फीत बांधलेलं बटण दिलं.

"दाबा, मामा."

"न्हाय."

"मामा, लोकं बघायलेत की!"

"बघू द्या. सायेब, तुमी असं लिवा: दिवा चांगला हाय, ठिकाण सुटलंय म्हनून बंद हाय."

मुंबईहून आलेल्या खात्याच्या साहेबांनी कागद उलटासुलटा केला. "तसा रकाना नाही. लागतो किंवा लागत नाही. लवकर सांगा, मला गाडी गाठायची आहे."

"आवो, दाबा की एकदा," कमलम्मा बायकांतून म्हणाली. "एवढं लुगडं घातलं त्येला."

मामांनी मान हलवली. श्रीमंतअण्णांनी त्यांच्या हातातून बटण काढून घेतलं आणि दाबलं. काही झालं नाही. आणखी तीनदा दाबलं.

"काय केलंत मामा? वायर तोडली व्हय?"

"मी हात बी लावला न्हाय."

यावर कुणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही, कंदील टांगल्यावर मी त्यांना दिव्याच्या आत वाकलेलं पाहिलं होतं. साहेबांनी 'लागत नाही' लिहिलं, सही ठोकली, कागद बॅगेत घातला आणि जीप गेली. लोक मामांकडे न बघता पांगले.

मामांनी कंदील उतरवून फुंकले.

"नेतील?" त्यांनी विचारलं.

"नेतील."

ते दिव्यापाशी उभे राहिले. मग हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला, कमलम्माला हाक मारली, आणि दोघं एकेक कंदील घेऊन गेली.

महिन्याभरानं ट्रक आला. पावतीवर 'मोडीचे पितळ' एवढंच लिहिलं होतं.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सगळे गेल्यावर आमचा शिपाई धोंडीराम वाचनकक्षातली ट्यूब लावायला आत गेला आणि तसाच बाहेर आला. पेठेतली लाइट साडेपाचलाच गेली होती. ती सव्वानऊला आली.