मेचा जागची हलत नाही

मित्रांनो, मी एक जुनी कुत्री आहे. म्हातारी म्हणू नका. म्हातारं माणूस वाकतं. मी जुनी आहे ती दगडी उंबऱ्यासारखी. तुम्ही मला ओलांडून जा, नाहीतर अडखळा. मी सरकायची नाही.

माझं नाव मेचा. आमच्या तारीहा गावात मेचा म्हणजे वात. हे नाव उस्ताद आस्तेरियोंनी ठेवलं. सणाला आकाशात सोडायचे शोभेच्या दारूचे बाण ते बनवत. त्यांच्या वखारीत, वेताच्या काड्या आणि रंगीत कागदांच्या ढिगाखाली माझा जन्म झाला. इतर पिल्लं आईच्या कुशीत शिरून आवाजाला घाबरतात. मी मात्र बाण फुटण्याच्या आवाजातच झोपायला शिकले. एकदा उडालेल्या ठिणगीने माझा अर्धा कान गेला. मी रडले नाही असं उस्ताद सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे थोडी रडले होते.

सात वर्षं मी त्या वखारीची राखण केली. पेटती विडी घेऊन कुणी दाराशी आला की मी आडवी बसे. ओरडायची नाही, चावायची नाही, फक्त बसायची. गावात म्हणत, उस्तादांच्या वखारीला कुलूप लागत नाही, तिथे मेचा आहे.

मग उस्ताद गेले आणि वखार विकली गेली. एका सकाळी त्यांच्या पुतण्याने गोड आवाजात हाक मारली, "ये मेचा, ये गं माझी राणी." मी शेपूट हलवत त्याच्या गाडीत चढले. त्याने मला नदीपलीकडे उतरवलं आणि गाडी वळवली.

त्या दिवशी मी एक नेम धरला. हाक मारणाऱ्यापुढे शेपूट हलवायची नाही. लोक उपास धरतात, कुणी मीठ सोडतं. मी हे धरलं, आणि एक दिवसही चुकवलं नाही.

टेकडीवर सुल्मा नावाची बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळते. तिने मला उचलून आणलं. दर रविवारी कुत्रं न्यायला माणसं येत. बाकीची कुत्री कुंपणावर उड्या मारत, जिभा काढत, डोळे मोठे करत. मी पाठ करून बसे.

"अगं बये, एकदा तरी हलव ती शेपूट," सुल्मा म्हणे. "झिजणार आहे का?"

मी ऐकून घेत असे. दोन वर्षं ऐकून घेतलं.

मग जुलैच्या शेवटी दोन्या क्लेता आल्या. दोन्या म्हणजे बाईसाहेब. या विधवा बाई लोकरीचे पट्टे विणतात आणि रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन प्रार्थनेला बसतात. त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ सेवेरो होता, आणि दोरीच्या टोकाला होता रेमोलीनो. रेमोलीनो म्हणजे वावटळ. सगळे त्याला रेमो म्हणत. दोन वर्षांचा, तांबडा-पांढरा, काडीसारख्या पायांचा. तो चालत नव्हताच. एकतर हवेत असे, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर.

गेल्या वर्षी सान रोकेच्या सणाला बाण उडाले तेव्हा हा रेमो भिंतीवरून उडी टाकून पळाला होता. तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता. सान रोके हा कुत्र्यांना सांभाळणारा संत. दोन्या क्लेतांनी त्याला नवस बोलला : रेमो परत आला तर त्याला एक सोबती आणीन आणि पुढच्या सणाला दोघांना एकत्र तुझ्या पायाशी घेऊन येईन. रेमो आला. नवस राहिला होता.

"याच्या तोडीची एखादी द्या," त्या सुल्माला म्हणाल्या. "बरोबर खेळायला कुणी असलं की दमेल."

"दमेल?" सेवेरो म्हणाला. "ताई, आगीला सोबत म्हणून कुणी दुसरी आग आणतं का?"

"तुला काय कळतं कुत्र्यातलं?"

"मला एवढंच कळतं, की माझे दोन जोडे आणि तुझी गादी यानेच फाडली. हे बघ, सणापर्यंत थांबतो. यंदाही बाण ऐकून पळाला, तर त्याला माझ्या द्राक्षमळ्यावर नेईन आणि साखळीला बांधीन. आणि जी नवी आणशील, ती परत इथे."

दोन्या क्लेता जपमाळेचे मणी सरकवू लागल्या. साखळी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला आणून लटकवलेली होती, हे मला पुढे दिसलं.

सुल्माने तिच्या पद्धतीने गाठ घालून दिली. दोन अनोळखी कुत्र्यांना ती कधी समोरासमोर उभं करत नाही. मोकळ्या अंगणात आधी शेजारी शेजारी चालवते, मग एकमेकांचा वास घेऊ देते. तिने कानेला नावाची तरणी कुत्री काढली. कानेला आणि रेमो चार पावलं नीट चालले. मग जे सुटले, ते पाण्याची घमेली उलथवत, गोल गोल, शेवटी दोन्या क्लेतांच्या शालीची दोन टोकं दोघांच्या तोंडात.

"किती छान जमलं यांचं," दोन्या क्लेता शाल सोडवत म्हणाल्या.

"जमलं नाही बाई," सुल्मा म्हणाली, "पेटलं."

मी अंगणाच्या मधोमध पडले होते. मला कुणी बघायला आलं नव्हतं, म्हणून मी उठायचं कारण नव्हतं. वाट मोकळी करायला सेवेरो माझ्या गळ्यातला पट्टा धरून ओढू लागला. "उठ गं. अगं उठ. ही कुत्री आहे का खुंटा?"

तेवढ्यात रेमो धावत आला आणि पुढचे दोन्ही पाय त्याने माझ्या पाठीवर टाकले. मी ओठ वर केला आणि एकदाच गुरगुरले. चावले नाही. वखारीच्या दारात पेटती विडी घेऊन येणाऱ्याला जेवढं सांगत असे, तेवढंच सांगितलं. रेमो खाली उतरला. बसला. मग आडवा झाला आणि त्याने जीभ आत घेतली.

दोन्या क्लेतांच्या बोटांतली जपमाळ थांबली. "ही," त्या म्हणाल्या.

"ही?" सेवेरो हसला. "सोबतीण आणायला आली होतीस ना? सासू घेऊन चाललीस."

सुल्मा खरं बोलणारी. "बाई, हिचं वय नऊ. शेपूट हलवत नाही. हाक मारली तर येत नाही."

"मी हाक मारणारच नाही," दोन्या क्लेता हळू आवाजात म्हणाल्या. "मी रोज प्रार्थनेला बसते. तिला वाटलं तर यावं."

मित्रांनो, मला तोवर कुणी असं म्हटलं नव्हतं. तरी मी लगेच भुलले नाही. पहिले चार दिवस प्रार्थनेच्या वेळी मी अंगणातच बसून राहिले.

रेमोला वळण लावणं सोपं नव्हतं. आमची ताटं वेगळ्या कोपऱ्यांत ठेवत, तरी त्याने माझ्या ताटात नाक घातलं. मी गुरगुरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. मी पुन्हा गुरगुरले. तिसऱ्या दिवशी तो लांब उभा राहून माझं जेवण संपायची वाट बघत होता. पाचव्या संध्याकाळी मी प्रार्थनेच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन पडले. रेमो माझ्यावरून उडी मारणार होता. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या पाठीला पाठ लावून पडला. पुढे ते रोजचंच झालं.

"सासूबाईंनी जावयाला माणसात आणलं," सेवेरो म्हणाला. पण साखळी खिळ्यावरून काही काढली नाही.

सणाचा दिवस आला. या दिवशी आमच्या गावात प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात रंगीत फीत बांधतात. दोन्या क्लेतांनी लाल लोकरीचा एक लांब पट्टा विणला होता. त्याच्या मधल्या भागाने त्यांनी आमचे दोघांचे गळपट्टे एकमेकांना बांधले, आणि उरलेलं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

"ताई, हे काय करतेस?" सेवेरो दारातून म्हणाला. त्याचाही नवस होता. डोक्यावर पिसांचा मुकुट, तोंडावर रेशमी पडदा. संताच्या मिरवणुकीत नाचणारे पुरुष नाच संपेपर्यंत हा पडदा वर करत नाहीत. "एक पळाला तर दुसरीही फरफटेल."

"नवसात मी 'एकत्र' म्हटलंय. दोन दोऱ्या म्हणजे एकत्र नव्हे."

"संत काय गाठी मोजायला बसलाय?"

"तो नसेल बसला. मी बोललेय ना."

ही त्यांची चूक होती. मी त्यांच्या घरचं खाते, तरी चुकीला चूक म्हणते. दोन कुत्र्यांना असं कधी बांधू नका.

देवळासमोर माणसांची दाटी होती. संताची मूर्ती दारात आली आणि दोन्या क्लेता गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी हात जोडले. हात जोडताना मनगटाचा पट्टा सुटला. त्याच क्षणी पहिला बाण फुटला.

रेमो उडाला. समोर गल्ली होती आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रकांचा रस्ता. माझा गळा आवळला, मी चार पावलं फरफटले, दगडावर पंजे सोलले. मग बाणांच्या दारूचा वास आला. कागद, कोळसा, गंधक. उस्तादांच्या हातांचा वास. जगाला त्या वासाची भीती वाटते. मला त्यात माझं घर सापडलं.

मी बसले.

दुसरा बाण फुटला, तिसरा फुटला. रेमो ओढत होता, किंचाळत होता. मी बसले होते. जन्मभर ज्याला लोकांनी माझा हट्ट म्हटलं, खोड म्हटलं, तेवढंच माझ्यापाशी होतं, आणि ते मी सगळं त्या दगडावर टाकलं. रेमोला पुढे जाता येईना, म्हणून तो गोल फिरू लागला. एक फेरा, दुसरा फेरा. पट्टा माझ्याभोवती गुंडाळत गेला आणि वावटळ येऊन खुंट्याला लागली. त्याने माझ्या पोटाखाली डोकं घातलं. सगळे बाण संपेपर्यंत तो तिथे थरथरत राहिला, पण राहिला.

दोन्या क्लेता धापा टाकत आल्या आणि त्यांनी गाठ सोडली. समोर नाचणाऱ्यांच्या रांगेत एका पडद्याआडून कुणीतरी आमच्याकडे बघत होतं. त्याची पावलं दोनदा चुकली.

संध्याकाळी सेवेरो घरी आला. पडदा वर केलेला, तोंड घामाने भिजलेलं. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि त्याने दारामागची साखळी काढली.

दोन्या क्लेता उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या. मीच शिकवलं असावं. "तो पळाला नाही, सेवेरो."

"पाहिलं मी."

"मग ती कुठे नेतोस?"

"विहिरीच्या बादलीला लावतो. दोर कुजलाय, किती दिवस सांगतेयस."

मग तो हातात मलमाची डबी घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला. डोक्यावर अजून पिसांचा मुकुट होता. "सासूबाई," तो म्हणाला, "पाय दाखवा."

माझा नेम हाकेला शेपूट न हलवण्याचा होता. सेवेरोने मला कुठे बोलावलं नव्हतं. तोच माझ्याकडे आला होता. म्हणून एकदा हलवली. नेम मोडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या अवखळ कुत्र्याला सोबत आणायला गेलात, तर कोण किती शेपूट हलवतं एवढंच बघू नका. तुमच्या कुत्र्याला बरोबर न्या, मोकळ्या जागी दोघांना चालू द्या, आणि तो कुणापाशी शांत होतो ते बघा. कोपऱ्यात कुणी पाठ करून बसलं असेल तर त्याच्यावर दया दाखवू नका, आम्हाला ती नको असते. आमच्या अंगात काय आहे, ते विचारा.

आणि एकदा घरी नेलंत, की परत गाडीत घालून नदीपलीकडे सोडू नका. मी त्या नदीपलीकडून परत आलेली आहे. आता या उंबऱ्यावर पडले आहे, आणि इथून मला कुणी हलवून दाखवावं.