बिल्ल्याची झिजलेली बाजू

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. योगवर्गात उपस्थित एकवीस. "डोळे मिटा आणि सावकाश पुढे वाका," असे सरांनी सांगितले आणि आम्ही एकवीस जणांनी डोळे मिटले. साधारण अर्ध्या मिनिटाने माझ्या डावीकडच्या चटईवर माझी धाकटी बहीण किंचाळली.

मी डोळे उघडले तेव्हा सर तिच्या मागे गुडघ्यांवर होते आणि त्यांचे दोन्ही तळवे तिच्या कमरेवर दाबलेले होते. "सोडा, श्वास सोडा," असे ते म्हणत होते. तिला श्वास घेताच येत नव्हता.

कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याचा अहवाल आला. बहीण कपड्यांच्या कारखान्यात बेतकाम करते, म्हणजे मापे घेऊन कापड बेतते. टेबलाशी आठ तास उभे राहावे लागते. आता ती वीस मिनिटे उभी राहू शकते. हे मी घड्याळ लावून पाहिले आहे.

तिने योगशाळेकडे लेखी तक्रार दिली. "मला भरपाई नको, दादा, आणि त्यांची माफीही नको," ती म्हणाली. "मी 'नको' म्हटलं होतं, एवढं त्यांनी कागदावर लिहून द्यावं. बस्स."

सरांचे उत्तर एका ओळीचे होते : बाईंचा बिल्ला हिरवा होता, मी स्वतः पाहिला.

ते बिल्ले मी तयार केले होते. ही शाळा योगशिक्षक घडवते आणि त्यांना प्रमाणपत्रे देते. आदल्या वर्षी तिने आचारसंहिता करायचे ठरवले, तेव्हा मी तंत्रनिकेतनात शिकून पुढे चौतीस वर्षे कारखान्याच्या तपासणी विभागात काढली म्हणून मला समितीवर घेतले. वर्गात चोवीस जण होते. मी चोवीस गोल लाकडी बिल्ले कापले. एक बाजू हिरवी, म्हणजे आसन सुधारताना हात लावला तरी चालेल. दुसरी लाल, म्हणजे हात लावू नका. कडेवर क्रमांक ठोकला आणि भिंतीवरच्या फळीवर प्रत्येकाच्या नावाखाली खिळा मारला. आपला बिल्ला घ्यायचा, चटईच्या डोक्याशी हवा तो रंग वर करून ठेवायचा, आणि शिक्षकाने तो पाहूनच हात लावायचा.

त्या सकाळच्या धावपळीत कुणीतरी सगळे बिल्ले गोळा करून खिळ्यांना अडकवून टाकले. त्यामुळे बहिणीचा सतरा क्रमांकाचा बिल्ला त्या दिवशी कोणत्या रंगाचा होता, हे सांगणारे कुणी उरले नाही. मी शेजारी होतो खरा, पण डोळे मिटा म्हटले की मी डोळे मिटतो.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. बहिणीने मला त्याआधी दोनदा सांगितले होते. "दादा, हे सर बिल्ल्याकडे बघतच नाहीत." मी म्हणालो होतो, "त्यांचा हात मुरलेला आहे. उगाच नाकाने कांदे सोलू नकोस."

त्यावर ती म्हणाली होती, "माप घेताना मीसुद्धा विचारते, हात लावू का म्हणून. आणि माझ्या हातात नुसती टेप असते."

तक्रार निवारण समिती तिघांची : संचालक, एक वकीलबाई आणि मी. तक्रारदाराचा नातेवाईक समितीत बसणार नाही, हे कलम मीच लिहिले होते. त्याप्रमाणे मी उठलो. रिकाम्या जागी संचालकांनी सरांच्याच हाताखाली शिक्षिका होऊ घातलेली एक मुलगी बसवली. मी हरकत घेतली.

"तुमच्या नियमात नातेवाईक नको असं आहे," संचालक हसले. "शिष्य नको असं कुठे आहे? दाखवा बरं."

तसे कुठेच नव्हते. मी विचारच केला नव्हता.

मग मला जे येते ते मी केले. वकीलबाईंच्या परवानगीने चोवीसही बिल्ले घरी आणले आणि भिंगाखाली धरले. वर्गाची फरशी खरखरीत आहे. अकरा महिने रोज सरकणाऱ्या बिल्ल्याची खालची बाजू झिजणारच. सतरा क्रमांकाची हिरवी बाजू कडेपर्यंत खरवडून लाकूड दिसत होते, आणि लाल बाजू मी रंगवली होती तशीच होती. म्हणजे तिने अकरा महिने लालच वर ठेवला होता.

उरलेले मी केवळ तुलनेसाठी घेतले होते. तीन बिल्ले दोन्हीकडून सारखे झिजले होते. लाल बाजू झिजलेले सहा, त्यांत माझा. हिरवी बाजू झिजलेले, म्हणजे नेहमी लाल वर ठेवलेले, बहिणीचा धरून पंधरा. सरांचा हात न लागलेला मात्र त्या वर्गात एकही नव्हता. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. पंधराच भरले.

त्या पंधरांत नववा क्रमांक होता. फळीवर त्याच्या वर समितीत बसलेल्या त्या मुलीचे नाव होते.

बहीण आणि ती मुलगी वगळता उरलेल्या तेरा जणांकडे मी गेलो. कुणी दारातूनच बोलले, कुणी चहा पाजला. "अहो, तुमचं खरं आहे हो, पण आमचं नाव नका घेऊ," हे सगळ्यांचे म्हणणे. त्या मुलीला सुनावणीपूर्वी भेटणे नियमात बसत नव्हते, म्हणून तिला भेटलो नाही.

सुनावणीत मी बिल्ले टेबलावर मांडले आणि झिजेचा तक्ता वाचला.

सर खुर्चीत रेलले. "काका, रंग स्वस्तातला आणला असेल."

"दोन्ही बाजूंना सारखाच आहे," मी म्हणालो. "एकच बाजू का गेली?"

"आसन सुधारायला हात लागतो, रंग नाही. वीस वर्षं शिकवतोय मी. माझ्या वर्गात कधी कुणी तोंडातून 'नको' काढलेलं नाही."

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "झीज अकरा महिन्यांची सवय सांगते, त्या एका सकाळचं सांगत नाही. या पंधरांपैकी तक्रारदार सोडून एक जरी माणूस म्हणाला, की मी लाल ठेवायचो आणि तरी हात लागायचा, तरी पुरे. आहे कुणी?"

समोरच्या मुलीचे लिहिणे थांबले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावरच्या नऊ क्रमांकाकडे पाहिले.

तिचे नाव घेणे मला सहज शक्य होते. बहीण भिंतीला टेकून उभी होती. बसण्यापेक्षा तिला ते सोसते. तिला हवे असलेले वाक्य माझ्या जिभेवर होते. पण मी त्या मुलीला विचारलेले नव्हते. न विचारता हात लावल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाने न विचारता तिला पुढे ओढावे, हे मला जमले नाही.

"नावं मी सांगू शकत नाही," मी म्हणालो.

"मग संपलंच की," संचालक म्हणाले.

ठराव झाला. तक्रार सिद्ध होत नाही. बिल्ल्यांमुळे गैरसमज पसरतात, म्हणून ते बंद करावेत. वकीलबाईंचे मत विरुद्ध पडले. त्या मुलीने सरांच्या बाजूने हात वर केला.

जिन्यात तिने मला गाठले. "काका, माझं प्रमाणपत्र दोन महिन्यांवर आलंय. सही सरांचीच लागते." थोडे थांबून ती म्हणाली, "तोंडावर नाही म्हणता आलं असतं, तर बिल्ला कशाला लागला असता?"

बहीण कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"दादा, तू तिचं नाव का नाही घेतलंस?" तिने खाली पोहोचल्यावर विचारले. तिला सगळे दिसले होते.

"तिला विचारलं नव्हतं."

"बरोबर केलंस," ती म्हणाली, आणि घरी पोहोचेपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी आमच्या दोन चटया आणायला शाळेत गेलो. वर्ग चालू होता. सगळे डोळे मिटून पुढे वाकले होते आणि सर रांगांमधून फिरत होते. भिंतीवरची फळी काढलेली होती. मी दारात उभा राहून मोजले. त्या मंगळवारच्या एकविसांतून आम्ही दोघे वजा.

उपस्थित : एकोणीस.