लोखंडी दारासमोरचा हिवाळा

भाऊजींचा चोर हिवाळाभर एका लोखंडी दारासमोर उभा होता, कारण खेळ चालवणारा माणूस पेशाने किल्लीवाला होता.

दुसरा कुणी असता तर ते दार केव्हाच उघडलं असतं. खेळात मुळात अवघड असं काही नव्हतं. चौघांनी टेबलाभोवती बसायचं. तिघांनी एकेक पात्र व्हायचं आणि चौथ्याने त्यांच्यापुढे काय आहे ते सांगायचं. 'पुढे नदी आहे.' 'मी उडी मारतो.' जमेल की नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा. चार किंवा वर पडले की जमलं. सगळे नियम एका वीजबिलाच्या पाठीवर मावले होते आणि खाली जागाही उरली होती.

किल्लीवाल्याला ती उरलेली जागा बघवेना.

त्यात वरच्या मजल्यावरचे हरकतराव. हे कोर्टात टायपिस्ट. दिवसभर दुसऱ्यांच्या हरकती टाईप करून घरी यायचे तेव्हा त्यांच्या स्वतःच्या सगळ्या शिल्लक असायच्या. खेळात ते मांत्रिक होते.

"हरकत! नदीतून बाहेर आलेल्या माणसाचे मोजे ओले असणार. ओल्या मोज्यांनी तो पळेल कसा?"

मुद्दा बिनतोड होता. किल्लीवाल्याने ओल्या मोज्यांचा नियम केला. मग मोजे वाळण्याचा तक्ता आला, त्याला वाऱ्याचा उपतक्ता, त्याला लोकरीचा अपवाद. बघता बघता नियमांच्या फायलींनी ताईची पांघरुणं कपाटाबाहेर काढली. ताई म्हणजे किल्लीवाल्याची थोरली बहीण, भाऊजींची बायको आणि खेळातली तलवारबाज. एकदा तिला राक्षसावर एक वार करायचा होता. त्या वाराचा हिशेब करण्यात अख्खी दुपार गेली, आणि शेवटी उत्तर आलं तेव्हा राक्षस वयोमानाने वारला होता.

"असं कसं रे?" ताई म्हणाली.

"तसा नियम आहे," किल्लीवाला म्हणाला. आणि तसा होता.

तोवर हसू यायचं. मग भाऊजींच्या फुप्फुसात काहीतरी सापडलं. डॉक्टरीणबाईंनी ताईला बाहेर नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं आणि भाऊजींनी आत बसून ते सगळं ऐकलं, कारण मधलं दार नीट लागत नव्हतं. पुढच्या आठवड्यात किल्लीवाल्याने जाऊन ते दार दुरुस्त करून दिलं. पैसे घेतले नाहीत.

भाऊजींची खाट पुढच्या खोलीत आली. टेबल खाटेला भिडवलं. रविवारचा खेळ चालू राहिला.

"मला आता बाकी काही नको," भाऊजी म्हणाले. "त्या दारामागे काय आहे तेवढं बघायचंय. मग तुम्ही खेळा, नाहीतर दुकान बंद करा."

मागणी साधी होती. पण दार म्हटलं की किल्लीवाल्याच्या अंगात वारं शिरायचं.

"मी दार उघडतो." तीन शब्दांना भाऊजींचे दोन श्वास गेले.

"कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"हातमोजा आहे?"

"नाही बाबा."

"मग आधी घामाचा तक्ता. नंतर गंज. कुलूप दाबून लागणारं खटक्याचं की किल्लीने फिरवायचं ते ओळखावं लागेल. बिजागऱ्या आतून आहेत की बाहेरून, त्यावर जोर किती लागेल ते..."

"अरे, बिजागऱ्या कुठे आहेत ते तूच सांगायचंस ना?" ताई म्हणाली.

"हरकत," हरकतराव म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता. "दार भुयाराच्या टोकाला आहे, तिथे अंधार असणार. कुलूप ओळखायला उजेड किती आहे, ते आधी ठरायला हवं."

उजेड ठरला. तो ठरेपर्यंत भाऊजींचा डोळा लागला होता.

असे रविवार जात राहिले. दर रविवारी किल्लीवाला घरी जाताना जीव भांड्यात पडल्यासारखा चालायचा, आणि का ते स्वतःला विचारायचा नाही. कारण दारामागे काहीच नव्हतं. भुयार कुठेतरी संपायला हवं म्हणून त्याने एक दार ठोकून दिलं होतं, एवढंच. पलीकडे काय असेल याचा विचार करायला तो रोज रात्री बसायचा, आणि थोड्या वेळाने बघायचा तर हातून गंजाचा आणखी एक उपनियम लिहून झालेला असायचा. गंज त्याला पाठ होता. पलीकडचं त्याला काही सुचत नव्हतं.

त्या रविवारी तो नवीन पानं घेऊन आला. भाऊजी जागे होते, पण चेहरा चुन्यासारखा झाला होता. ताईने पानं चाळली आणि एका पानावर तिची बोटं थांबली.

"हे काय आहे?"

"शोकाचा तक्ता," किल्लीवाला म्हणाला. "सोबत्यांपैकी कुणी गेला, तर मागे राहिलेल्याने दोन फासे टाकायचे. जसा आकडा, तसा परिणाम. तीन आले की जेवण जात नाही. पाच आले की नेम चुकतो. आजवर याची सोयच केली नव्हती आपण."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

हरकतराव छताकडे बघू लागले. खाटेवरून भाऊजींनी विचारलं, "आणि बारा आले तर?"

"बारा आले तर..." किल्लीवाल्याने ताईच्या हातातल्या पानाकडे पाहिलं. "काही होत नाही. तो खंबीर राहतो."

"हिला बारा पडायचे नाहीत," भाऊजी म्हणाले. "हिला सापशिडीतसुद्धा सहा पडत नाही."

ताई उठली. रडेल असं वाटलं, पण ती कपाटाकडे गेली. एकेक फाईल काढून तिने खाटेच्या उशाकडच्या पायांपाशी ठेवली. डॉक्टरीणबाईंनी डोक्याकडची बाजू उंच करायला सांगितली होती, म्हणजे श्वासाला बरं पडेल. "उभे काय राहिलात दोघं? खाट उचला."

दोघांनी खाट उचलली. ताईने फायली पायांखाली सरकवल्या. मोजे, वारा, राक्षसांचं वय, सगळं खाली गेलं. शोकाच्या तक्त्याची घडी करून तिने तीही खाली कोंबली, खाट डुगडुगत होती म्हणून. भाऊजींनी एक लांब श्वास घेतला. "बरं वाटतंय," ते म्हणाले. "चांगले आहेत रे तुझे नियम."

मग ताईने फासा नवऱ्याच्या मुठीत दिला. "चार किंवा वर. बाकी काही नाही."

भाऊजींनी फासा टाकला. दोन पडले.

मग हरकतराव खाकरले. "फासा पांघरुणावर पडलाय," ते अगदी हळू म्हणाले. "पांघरुणावरचा धरायचा का, असा प्रश्न येऊ शकतो."

"धरायचा. दोन म्हणजे दोन. नाही उघडत." भाऊजी म्हणाले. "मग मी ठोठावतो."

"कुठल्या..." किल्लीवाला म्हणाला आणि गप्प झाला. कुलपांवर त्याने इतकं लिहिलं होतं, पण दार ठोठावण्याबद्दल एक ओळ नव्हती. त्याच्या धंद्यात दार ठोठावून उघडत असतं, तर त्याला कुणी बोलावलंच नसतं.

"आतून कडी निघते," तो म्हणाला.

"कोण काढतं?"

"माहीत नाही. दार उघडतं."

"आत काय आहे?"

"भाऊजी, मी काही ठरवलंच नव्हतं हो. खरंच सांगतो, कधीच नाही."

"ते मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. आता ठरव."

किल्लीवाल्याने ताईकडे पाहिलं. ती मदत करणार नव्हती. "खोली आहे," तो म्हणाला. "लहानशी. एक खिडकी."

"जिना नाही ना?"

"नाही. सगळं एकाच पातळीवर."

"मग ठीक," भाऊजी म्हणाले. "चोर आत जातो."

"मीही जाते," ताई लगेच म्हणाली.

नियम सगळे खाटेखाली होते. उत्तर किल्लीवाल्याला स्वतःलाच द्यावं लागलं. "नाही, ताई. दार लागलं."

"मग मी फासा टाकते."

"नको टाकूस."

तिने फासा उचलून मुठीत घट्ट धरला, इतका की बोटं पांढरी पडली. "बाहेर आवाज तरी येतो का आतला?"

किल्लीवाल्याने विचार केला. "थोडा वेळ येतो."

"मग मी इथेच थांबते."

खाटेवर भाऊजींनी डोळे मिटले होते. "इथे एक खुर्ची आहे," ते म्हणाले.

किल्लीवाल्याने खुर्ची सांगितली नव्हती. पुढे काय आहे ते फक्त खेळ चालवणाऱ्याने सांगायचं, हा वीजबिलावरचा पहिलाच नियम होता. त्याने हरकतरावांकडे पाहिलं. हरकतराव खाली मान घालून बसले होते.

"कशी आहे खुर्ची?" ताईने विचारलं.

"जुनी. एका पायाने लंगडी."

"आणखी काय आहे?"

"थांब," भाऊजी म्हणाले. "बघू दे."