भुंग्याची भोकं

रुमैथियातल्या एका कुवेती शेठला आपल्या बैठकीसाठी, युरोपातल्या सहाशे वर्षं जुन्या व्यापारी सभागृहात आहे तसंच छत हवं होतं. कुवेतमधल्याच शुवैखच्या वर्कशॉपमध्ये सुतार तुकारामने फोटो बघून गलबतं, तराजू आणि द्राक्षांचे वेल सागावर हुबेहूब कोरले. फोटोतल्या लाकडाला भुंग्याने पाडलेली भोकं तेवढी सोडून दिली. चांगल्या मालाला कोण भोकं पाडतं?

फोरमन अशरफभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, शेठला तीच तर हवीत! जुनं दिसायला नको?"

तेव्हापासून तुकारामचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी बारीक ड्रिलने भोकं पाडायची, आणि दुपारी हात आपसूक भोकं बुजवायच्या लांबीच्या डब्याकडे वळायचा. आज तर त्याने दोन फळ्यांवरची भोकं बुजवूनही टाकली. अशरफभाई ओरडले, तेव्हा कुठे तो भानावर आला.

चडफडत त्याने पुन्हा ड्रिल उचललं, इतक्यात गावाहून बायकोचा, ठकूबाईचा फोन आला. "तुम्ही केलेल्या दाराच्या चौकटीला भुंगा लागलाय. रोज भुसा झाडतेय मी. तुम्ही गेल्याला तीन वर्षं झाली, निदान भोकं बुजवायला तरी याल का?"

तुकारामने अंगावरचा भुसा झटकला.

"इथली पाडून झाली, की येतो."