रेघेवरचे ठिपके

शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकूण सहा मायक्रोस्कोप होते. दोहोंचे आरसे फुटलेले. एकाचा स्क्रू असा आवळून बसलेला की तो फिरवायला दोन माणसं लागत. दोन कांद्याची साल बघण्यापुरते बरे. आणि एक असा, ज्याला स्वतःचा दिवा होता. त्या दिव्याच्या मायक्रोस्कोपपुढे गोल फिरवून वर-खाली करता येणारं एक स्टूल होतं. त्याची उंची गेले तीन महिने बदललेली नव्हती, कारण दुर्बिणीशिवाय त्यावर कुणी बसलंच नव्हतं.

दुर्बीण हे तिचं शाळेतलं नाव. वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, आणि ती स्वतः लहानपणापासून दिसेल ती गोष्ट जवळ जाऊन बघणारी. कुणीतरी चिडवायला म्हणून ठेवलेलं नाव तिला इतकं आवडलं की चिडवणाऱ्याचाच विरस झाला.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत अकरा मुलं जमायची. वयं पंधरा-सोळा. त्यांना समाज सुधारायचा होता, आणि तोही लवकर, कारण पुढच्या वर्षी परीक्षा होत्या. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने एकेक अपेक्षा लिहिली होती. शहरातल्या सगळ्या शाळांची स्वच्छतागृहं सारखी असावीत, असं एकीचं म्हणणं. मोठ्या साहेबांनी आठवड्यातून एकदा तरी सार्वजनिक दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं, असं दुसऱ्याचं. ज्याला सगळे सभापती म्हणत त्या मुलाने नुसतं 'समता' एवढंच लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. जीवशास्त्राच्या बाईंनी ते पान वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं की यातलं मोजता काय येईल? सगळ्यांनी पान पुन्हा वाचलं. मग दुर्बीण म्हणाली, पाणी.

शहराला पाच टाक्यांतून पाणी मिळायचं. वरच्या कॉलनीची टाकी वर्षातून दोनदा धुतात आणि खालच्या वस्तीची धुतच नाहीत, असं सगळेच म्हणायचे. पण म्हणण्याला पुरावा नव्हता. मुलांनी ठरवलं की दर महिन्याला पाचही टाक्यांचं पाणी आणायचं, आयोडीनचे थेंब टाकून एक दिवस स्थिर ठेवायचं आणि तळातल्या थेंबात शेवाळाचे किती ठिपके दिसतात ते मोजायचं. त्यासाठी बाईंनी कपाटातून चौकटीची काच काढून दिली. त्या काचेवर बारीक रेघांनी सोळा चौकोन कोरलेले असतात. ठिपका चौकोनात असला तर प्रश्नच नाही. रेघेवर बसला तर नियम असा, की वरची आणि डावी रेघ आपली, खालची आणि उजवी शेजारच्या चौकोनाची. म्हणजे कुणी दोनदा मोजलं जात नाही.

दुर्बिणीने तीन महिने मोजलं. वरच्या टाकीत तीसच्या आसपास. खालच्या टाकीत एकाहत्तर, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. हे आकडे घालून मुलांनी पाणीखात्याला पत्र लिहिलं. दुपटीहून जास्त, असं त्यात ठळक अक्षरात होतं.

आणि मग चिठ्ठ्या निघाल्या.

त्या तिच्याच नियमाने निघाल्या, हे सगळ्यांत वाईट. वहीच्या दुसऱ्या पानावर तिनेच, तिच्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं होतं: 'कुठलंही काम कुणाच्या मालकीचं नाही. दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून कामं बदलावीत.' तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे सभापती होता. तो खुर्चीला चिकटून बसला होता आणि त्याला उठवायचं होतं. आपण स्वतः स्टुलावर बसलो आहोत हे तेव्हा तिच्या ध्यानातच आलं नाही.

सभापतीला पत्रं पोचवायचं काम आलं. दुर्बिणीला बाटल्या भरून आणायचं. मायक्रोस्कोप आला मुंगीकडे.

मुंगी खालच्या वस्तीतली. ओझं घेऊन भिंतीच्या कडेकडेने न बोलता चालायची, म्हणून मुंगी. गटात येऊन तिला दोन महिने झाले होते आणि ती तोवर फार तर सहा वाक्यं बोलली असेल. दुर्बिणीने मोठ्या मनाने म्हटलं, 'ये, शिकवते. एक डोळा मिटायचा नाही हं. दोन्ही उघडे ठेवायचे. पहिल्यांदा जमत नाही, मला दोन महिने लागले.'

मुंगीने स्टूल दोन वेढे खाली घेतलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून काचेत पाहिलं आणि म्हणाली, 'दिसतंय.'

दुर्बिणीच्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं.

आठ दिवसांनी पाणीखात्याचं उत्तर आलं. सोमवारी सकाळी अकराला या, या महिन्याचे आकडे घेऊन या, आणि ज्याने मोजणी केली आहे त्याने अभियंत्यांना समजावून सांगावं. एकानेच यावं, केबिन लहान आहे. सभापतीने पत्र वाचून दाखवलं आणि सगळ्यांची तोंडं मुंगीकडे वळली. दुर्बिणीने तीन महिने मनातल्या मनात त्या केबिनमध्ये भाषण केलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आकडा हळू उच्चारायचा, सगळं ठरलेलं. आता तिथे ही उभी राहणार, जी साधा खडू मागायचा असला तरी शेजारणीच्या तोंडाकडे बघत बसते.

तिने त्या आठवड्यात मुंगीत काय काय पाहिलं, त्याची यादी केली असती तर वही भरली असती. मुंगी मोजताना ओठ हलवत नाही. मुंगी थेंब सोडते तेव्हा बुडबुडा येत नाही. मुंगी उठताना दिवा बंद करते. आपण दोनदा विसरलो होतो आणि बाई दोनदा बोलल्या होत्या. बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून पाच टाक्यांचे जिने चढताना दुर्बीण पायऱ्या मोजत होती आणि प्रत्येक पायरीला मुंगीचा एकेक दोष आठवायचा प्रयत्न करत होती. दोनशे सहा पायऱ्या झाल्या. दोष एकही सापडला नाही, आणि त्यामुळे तिचा आणखीच तिळपापड झाला.

दोष सापडला तो बुधवारी, सोमवारच्या तयारीसाठी सगळे जमले तेव्हा. मुंगीने फळ्यावर आकडे लिहिले. वरची टाकी एकतीस. खालची सेहेचाळीस.

'सेहेचाळीस?' सभापती म्हणाला. 'मागच्या महिन्यात चौऱ्याहत्तर होते.'

टाकी धुतली का, असं कुणीतरी विचारलं. मुंगीने मान हलवली. झाकणावरचा गंजसुद्धा तोच आहे, म्हणाली.

दुर्बिणीला झालेला आनंद तिला स्वतःलाही लपवता आला नाही. ती उठून फळ्यापाशी गेली आणि शांतपणे, अगदी शिक्षिकेसारखी, म्हणाली की चूक कुणाचीही होते. नवशिक्या डोळ्याला बारीक ठिपके दिसत नाहीत. हा आकडा घेऊन सोमवारी गेलो तर अभियंता हसेल, आणि इतक्या लोकांच्या पाण्याचा प्रश्न आहे, कुणाच्या हौसेचा नाही.

शेवटचं वाक्य तिने जरा जास्तच चावून म्हटलं. मुंगीने खडू खाली ठेवला.

'पाणी आमच्याच घरी येतं,' ती म्हणाली. 'मला काय, शंभर आले तरी हवेच आहेत. पण आले सेहेचाळीस.' मग थोडं थांबून, 'बाटल्यांवरची नावं झाका. आपण दोघी मोजू.'

बाईंना ते पटलं. शनिवारी त्या स्वतः बाटल्यांवर कागद चिकटवून नुसते एक ते पाच आकडे घालणार. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, चिठ्ठीवर लिहायचं. तीनच्या आतला फरक असेल तर मोजणी जुळली असं धरायचं आणि मुंगीने सोमवारी जायचं. फरक जास्त आला, तर तीन महिन्यांचा अनुभव असलेल्या दुर्बिणीचा आकडा धरायचा आणि दुर्बिणीने जायचं. सगळ्यांनी हात वर केले. दुर्बिणीने तर दोन्ही.

त्या संध्याकाळी जेवताना वडील दुकानातली गंमत सांगत होते. एक काका डोळे तपासायला आले. त्यांचा नंबर यायला अर्धा तास होता, तेवढ्यात त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ केली. मग तपासणीत शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणाले. चष्मा मिळाला आणि आठवड्याने डोकं धरून परत आले. 'मी म्हटलं, काका, तुम्ही वाचत नव्हता, आठवत होता,' वडील म्हणाले आणि स्वतःच हसले. आईही हसली. दुर्बीण हसली नाही. तिने विचारलं की ते काका खोटं बोलत होते का? वडिलांनी घास थांबवला. छे, म्हणाले, त्यांना खरंच वाटत होतं की दिसतंय.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी होती. दुर्बिणीने खालच्या टाकीची बाटली काढली, थेंब काचेवर सोडला, स्टूल दोन वेढे वर घेतलं आणि मोजलं. एकोणसत्तर. तिला हायसं वाटलं. पुन्हा एकदा, म्हणून तिने तीच काच न हलवता परत मोजली. या वेळी प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून, हा कुठे बसलाय ते कागदावर लिहीत. तेव्हा तिच्या लक्षात आलं की उजव्या रेघेवरचा ठिपका ती या चौकोनात धरते आणि पुढच्या चौकोनात गेल्यावर डाव्या रेघेवरचा म्हणून पुन्हा धरते. चिखलाचा कण की शेवाळ अशी शंका आली, की ती शेवाळ म्हणून पुढे जाते. कागदावर बेरीज आली सत्तेचाळीस.

मग तिने वरच्या कॉलनीची बाटली घेतली. तिथे तिचा डोळा आपोआप नियमाने चालला. खालची रेघ सोडली, उजवी सोडली, शंकेचे कण कचरा म्हणून सोडले. बत्तीस. दुसऱ्यांदा मोजले तरी बत्तीस.

ती बराच वेळ स्टुलावर बसून राहिली. आपण खोटेपणा केला असं तिला कुठेच आठवेना. खालच्या वस्तीवर अन्याय होतोय हे तिला माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळे तो काचेत दिसत होता. मोजायला बसायच्या आधीच तिने तक्ता पाठ केला होता. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांच्यातलीच एक येऊन न चुकता रेघा पाळत होती. हे कळल्यावर मुंगीबद्दल काही चांगलं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट आतून इतकी आग झाली की तिने कागदाचे चार तुकडे करून खिशात कोंबले. तिच्याकडून स्टूल गेलं होतं, केबिन गेली होती, आणि आता ते तीन आकडेही गेले, जे तिला स्वतःचे वाटायचे.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. फरक तीनपेक्षा जास्त आला की झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. एकोणसत्तर खोटं कुठे होतं? तिला खरोखरच तसं दिसलं होतं. फक्त शुक्रवारी आपण इथे आलोच नव्हतो असं समजायचं.

शनिवारी अकराही जण हजर होते. बाईंनी पाच बाटल्या मांडल्या, कागद चिकटवलेल्या, क्रम उलटसुलट केलेला. मुंगी आधी बसली. पाच थेंब, पाच आकडे, चिठ्ठी घडी करून बाईंच्या हातात. मग उठताना तिने स्टूल दोन वेढे वर फिरवून ठेवलं, दुर्बिणीला बसता यावं म्हणून. तेवढं तरी करायला नको होतं, असं दुर्बिणीला वाटलं.

दुसऱ्या बाटलीशी ती पोचली तेव्हाच तिने ओळखलं. बाटल्या भरून आणणारी तीच होती. या बाटलीच्या झाकणाचा आटा चुकीचा बसला होता आणि ती ओली व्हायची. ही खालची टाकी. बाईंनी नाव झाकलं होतं, पण दुर्बिणीपासून ते झाकलं गेलंच नव्हतं.

तिने डोळा लावला. ठिपके होते तसे पसरलेले. पहिल्या चौकोनाच्या उजव्या रेघेवर एक बसलेला. मागे कुणीतरी खोकलं. सभापती कुणाला तरी सोमवारी बसचा कुठला नंबर घ्यायचा ते कुजबुजत सांगत होता, आणि सांगताना मुंगीकडे बघत असणार, हे न वळताही तिला कळत होतं. मुंगी तिथे जाईल, धड बोलणार नाही, आणि तरी अभियंता ऐकेल, कारण तिच्या आकड्यात त्याला बोट ठेवायला जागा मिळणार नाही. माझ्या आकड्यात त्याने पहिल्या पाच मिनिटांत ठेवलं असतं.

'झालं का गं?' बाईंनी विचारलं.

'नाही बाई. थांबा.' ती पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरू झाली. या वेळी तिचे ओठ हलत होते. रेघ आली की ती थांबायची. चौदाव्या चौकोनात एक कण होता, ना धड शेवाळ ना धड माती. तिथे ती सगळ्यांत जास्त वेळ थांबली. मग उरलेल्या तीन बाटल्या झाल्या. तिने चिठ्ठी लिहिली, घडी घातली, आणि देताना बाईंना म्हणाली की पाणीखात्याला गेलेल्या पत्रातले आधीचे तीन आकडे चुकले आहेत, ते मी चुकवले, कसे चुकले ते लिहून देते. सोमवारी जो जाईल त्याने ते पहिल्यांदा सांगावं.

मुंगीने तिच्याकडे पाहिलं, पण दुर्बिणीने मान वळवली. तिला आत्ता ती नजर नको होती.

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेका बाटलीवरचा कागद सोलत सभापतीला फळ्यावर लिहायला सांगितलं.

वरची कॉलनी: मुंगी ३१, दुर्बीण ३१.
बाजाराची टाकी: मुंगी ३८, दुर्बीण ३७.
दवाखान्याची: मुंगी २९, दुर्बीण ३०.
स्टेशनची: मुंगी ३५, दुर्बीण ३५.
खालची वस्ती: मुंगी ४६, दुर्बीण ४७.