मागची दोन चाकं

खोटी गाडी खऱ्यासारखी चालवून दाखवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या शाळांसाठी आमची कंपनी सिम्युलेटर बनवते. खरी सीट, खरं स्टिअरिंग, समोर तीन पडदे आणि खाली सहा पायांवर डुलणारा चौथरा. शिकाऊ माणूस त्यात बसून वळण घेतो, तेव्हा आपण रस्त्यावरच आहोत असं त्याला वाटायला हवं. गाडी किती झुकते, किती दबते, चाकं रस्ता कधी सोडतात, हे सगळं आकड्यांतून घडवायचं काम माझं. लोकांना वाटतं मी व्हिडिओ गेम बनवते. सासूबाईंचंही तेच मत आहे, आणि "एवढं शिकून शेवटी खेळच," असं त्या पाहुण्यांपुढे हसत हसत बोलून घेतात.

यंदा साहेबांनी टूम काढली, की शोरूममधली नवी कोरी गाडी नको. घरोघरी असते तशी वापरलेली, चार ठिकाणी खरचटलेली गाडी हवी, कारण शिकलेली पोरं शेवटी बापाचीच जुनी गाडी चालवणार. म्हणणं बरोबर होतं. मी आमचीच गाडी देऊ केली. नवऱ्याने थोडी कुरकुर केली आणि दिली. मग आम्ही तिचं अंग अंग मोजलं. प्रत्येक चाकावरचं वजन, स्प्रिंग, शॉकअप, स्टिअरिंगमधली ढिलाई, काही सोडलं नाही. मास्तरांनी ती मोकळ्या मैदानावर गोल गोल फिरवली. मास्तर म्हणजे आमचे चाचणीचे ड्रायव्हर. पूर्वी लोकांना गाडी शिकवायचे, म्हणून मास्तर. टायर काढून मशीनवर नेले, कोरड्यात आणि ओल्यात किती पकडतात ते तपासलं, आणि गाडी घरी परत गेली.

टायरच्या बाबतीत आमच्या कामात एक सोयीची सवय आहे. एक टायर घ्यायचा आणि त्याचेच आकडे चारी चाकांना द्यायचे. चारही सारखेच असणार असं धरून चालायचं. मीही पुढच्या टायरवर भागवलं होतं आणि गाडी झकास चालत होती. मास्तर बसले की म्हणायचे, हीच ती, तुझ्या नवऱ्याचीच.

त्या शनिवारी दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच होतो. सोमवारी शाळावाले बघायला येणार होते. सगळं तयार होतं, पण मला रिकामं बसवत नाही. मागच्या टायरचे आकडे मशीनवरून आलेले तसेच पडून होते. म्हटलं, लावून तरी बघू. पुढचे दोन टायर नवऱ्याने गाडी मोजायला द्यायच्या जरा आधी बदलले होते, मागचे जुनेच होते. दुकानदार म्हणाला होता, की नवे पुढेच हवेत, स्टिअरिंग पुढच्या चाकांना असतं. ऐकणाऱ्याला पटावं असंच ते आहे.

मागच्या चाकांना त्यांचे स्वतःचे आकडे दिले. कोरड्या रस्त्यावर काहीच फरक कळेना. मग पाऊस लावला आणि मास्तरांना घाटात सोडलं.

मास्तर उतारावरून येत होते. डावं वळण आलं. वेग थोडा जास्त वाटला म्हणून त्यांनी, कुणीही काढेल तसा, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. त्यासरशी गाडीची मागची बाजू बाहेर निघाली. मास्तरांनी स्टिअरिंग उलटं मारलं, पण उशीर झाला होता. चौथरा धाडकन कलला. पडद्यावर डोंगर, रस्ता, कठडा असं सगळं गरगरलं आणि शेवटी नुसतं आभाळ उरलं.

मास्तर हसत सुटले. म्हणाले, "तुझे आकडे चुकलेत. ही गाडी मी स्वतः चालवलीय. ही असलं काही करत नाही."

मीही हसले. साहेबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, शिकाऊ पोरांना पळवून लावायचंय का, मागच्या चाकांची पकड जरा वाढव आणि घरी जा. आमच्याकडे हे चालतं. एखादा आकडा खटकला की त्याला थोडा गुळगुळीत करून घेतात. मी वाढवणारच होते. फक्त चूक नेमकी कुठे आहे ते आधी शोधावं, असा स्वभाव नडला, आणि चूक काही सापडेना.

वजन बरोबर होतं, शॉकअप बरोबर होते. टायर मशीनवर दोनदा तपासलेला होता आणि दोन्ही वेळा आकडा तोच होता. वरून बघितलं तर त्याच्या खाचाही बऱ्या होत्या, पण रबर जुनं होऊन कडक झालेलं, आणि पाण्यावर ते काही धरतच नव्हतं. मास्तरांना पुन्हा पुन्हा त्या वळणात पाठवलं. पाय तसाच ठेवला तर गाडी नीट निघून जायची. पाय काढला की वजन पुढे झुकायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि गाडी फिरायची. हळू असली तर नुसती मागून हलायची, आणि जरा वेग वाढला की थेट कठडा. मास्तरांचं हसणं थांबलं. मैदानावर गाडी फिरवली त्या दिवशी कडक ऊन होतं, हे त्यांनाच आठवलं.

"मग ही अशीच आहे," ते म्हणाले.

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर धो धो पाऊस पडत होता. आणि नवरा आमच्या ठकीला मागच्या सीटवर बसवून त्याच गाडीने सासूबाईंकडे निघाला होता. शनिवारी दुपारची जेवणं झाली की बापलेक दोघं जातात. मध्ये घाट लागतो.

फोन उचलला, त्याचं नाव काढलं, आणि अंगठा टेकता टेकता थांबला.

माझ्या नवऱ्याची एक सवय आहे. गाडीत फोन वाजला की त्याचा पाय आधी ॲक्सिलरेटरवरून निघतो. फोन घ्यायचा की नाही हे मागाहून, आधी पाय. माणूस सावध आहे, आणि ही सवय तो अभिमानाने सांगतो. फोन आला की आमच्या गाडीला जांभई येते, अशी ठकी आणि मी त्याची टर उडवतो. मेसेज आला तरी तेच, कारण तोही गाडीच्या स्पीकरवर टुणकन वाजतो. तो वळणात असताना फोन वाजला तर काय होईल, ते मी दुपारभर तीन पडद्यांवर बघत होते.

"मी फोन केला तर तो पाय काढेल," मी मास्तरांना म्हटलं.

मास्तरांनी सिम्युलेटर बंद केला. मग म्हणाले, "मग करू नकोस."

मी भित्री नाही. पाल मारते, डॉक्टरांशी भांडते. पण त्या क्षणी मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. माझं माणूस आणि माझं पोर कुठल्या वळणावर आहेत ते मला माहीत नव्हतं, आणि त्यांना सावध करायचा जो एकच रस्ता माझ्या हातात होता, त्यानेच त्यांचा जीव जाऊ शकत होता.

आणि मग सासूबाई आठवल्या. लेक वाटेत असला की त्या फोन करतात. कुठवर आलास, पाऊस आहे का, पोरीला स्वेटर घातलास का. तो घरी पोचेपर्यंत त्यांना चैन नसतं. पाऊस बघून आता त्या फोन लावणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. माझ्याशी बोलत असेपर्यंत तरी त्या त्याला फोन करणार नाहीत, म्हणून मी त्यांचा नंबर लावला. वाजला, वाजला, आणि त्यांनी उचलला.

"आई, काय करताय?" मी म्हटलं.

त्या चमकल्या. आपण होऊन गप्पा मारायला मी त्यांना कधी फोन केलेला नाही. बरं आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, सहज केला. गुडघ्यांची चौकशी केली. गुडघ्यांचा विषय निघाला म्हटल्यावर मला वाटलं निभावलं, पण त्या दिवशी नेमके गुडघे बरे होते. मग मी पडद्यांचं कापड कुठून घेतलंत ते विचारलं. शेजारणीची सून परत आली का ते विचारलं. नवरा लहानपणी कसा होता तेही विचारलं. हे त्या एरवी न विचारता सांगतात आणि मी एरवी स्वयंपाकघरात निघून जाते. त्या सांगू लागल्या, पण माझं लक्ष खिडकीवर. पाऊस वाढतच होता. मास्तर सिम्युलेटरच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते, ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकासारखे.

"बरं, ठेव आता," सासूबाई म्हणाल्या. "हा कुठवर आलाय ते विचारते."

"ठेवू नका."

"अगं, पाऊस बघ किती आहे."

"आई, फोन ठेवू नका. त्याला फोन करू नका." माझा आवाज फाटला. "त्या गाडीची मागची चाकं ओल्या वळणात धरत नाहीत. त्याने पाय काढला की गाडी फिरते. आणि फोन वाजला की तो पाय काढतो. तुम्हाला माहितीय, तो काढतोच."

आता त्या म्हणणार, तुमच्या खेळात दिसलं म्हणून खरं कशावरून, आणि फोन ठेवून त्याला लावणार, अशी माझी खात्री होती.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. त्यांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"काही नाही. माझ्याशी बोलत राहा."

आणि त्या बोलत राहिल्या. काय बोलल्या ते आम्हा दोघींपैकी कुणीच सांगू शकणार नाही. मध्येच दाराची कडी वाजली, मग पावसाचा आवाज मोठा झाला. त्या छत्री घेऊन फाटकापाशी गेल्या होत्या. एक गाडी आली, म्हणाल्या. मग म्हणाल्या, आपली नाही. तेवढ्यात माझ्या कानाशी टिकटिक झाली. दुसरा फोन येत होता. नाव त्याचं होतं.

मी बघत राहिले. गाडी चालवताना तो कधीच फोन लावत नाही. म्हणजे गाडी उभी आहे. उभी आहे, की कुणीतरी उभी केली आहे? त्याचा फोन भलत्याच कुणाच्या हातात आहे आणि तो माणूस यादीतलं पहिलं नाव लावतोय, हे माझ्या डोळ्यांपुढे इतकं लख्ख आलं की बोट हलेना. हललं तेव्हा टिकटिक थांबली होती.

"माझ्याकडे वाजतोय, त्याचाच," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच, "बंद झाला गं."

उलटा फोन करायची सोय नव्हती. तो पुन्हा निघाला असेल तर तीच वळणं, तोच उतार. त्यांच्या छत्रीवर पाऊस वाजत होता आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मास्तर उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"आली," सासूबाई म्हणाल्या. मग रडत रडत, "आली गं, आली. दोघं आहेत."

मी टेबलावर डोकं टेकलं. पलीकडे गाडीचं दार वाजलं, नवरा काहीतरी विचारत होता, आई, पावसात काय करतेस, दोघींचेही फोन बिझी कसे? ठकीला घाटात उलटी झाली होती. तिचे दुसरे कपडे कुठल्या पिशवीत आहेत ते विचारायला त्याने गाडी कडेला थांबवून फोन लावला होता. नंतर पोरीला पुन्हा मळमळू नये म्हणून बैलगाडीसारखी हळू हळू आणली. सासूबाईंनी त्याला काही सांगायच्या आतच ठकीने फोन हिसकावून घेतला.

तिला बरं वाटतंय का विचारलं. ती फुरंगटलेली होती.

"आई, आज झोका आलाच नाही," ती म्हणाली.

"कसला झोका?"

"वळणावरचा. पाऊस असला की आपली गाडी मागून झोका घेते ना, तो. बाबांनी आज हळूच चालवली." मग आवाज बारीक करून म्हणाली, "तुला सांगायचं नाही म्हणाले बाबा, तू घाबरशील म्हणून."

मागे सासूबाईंचा आवाज आला. लेकाला त्या म्हणत होत्या, किल्ली इकडे दे. तो काहीतरी समजावायला गेला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि किल्ली खुळखुळली.

मी ठकीला विचारलं, झोका आला की तू काय करतेस.

"डोळे मिटते आणि दोन्ही हात वर करते," ती म्हणाली.